मानोंग तेर्योंना पसंत पडलेलं पांघरूण

आमच्याकडे लग्न ठरलं की पहिल्यांदा चर्चमधल्या फादरना सांगतात आणि मग मानोंग तेर्योंना. मानोंग म्हणजे थोरले दादा, थोरल्या ताईला मानांग म्हणतात. फादर तारीख देतात, मानोंग नव्या जोडप्यासाठी पांघरूण निवडून देतात. तारीख एक वेळ मागेपुढे होईल, पण पांघरुणाला मानोंग "नाही" म्हणाले की विषय संपला.

विगन शहराच्या बाहेर, नदीच्या अलीकडे आमची वस्ती. माझं दुकान रस्त्याला लागून, आणि दुकानाला लागून त्यांचं घर. मधे एक बांबूचं कुंपण, तेही नावालाच. त्या घरात कोण शिंकलं हे मला कळतं, आणि माझ्या उधारीच्या पाटीवर कोणाचं नाव चढलं हे त्यांना कळतं. तेव्हा जे सांगते ते ऐकीव नाही.

मानोंग तेर्यो बत्तीस वर्षं मनिलाच्या गाडीवर कंडक्टर होते. आमच्याकडच्या गाड्यांचा एसी म्हणजे मासळीचा बर्फखाना. ड्रायव्हरला वाटतं, लोकांनी गार हवेचे पैसे दिलेत, तर हाडापर्यंत पोचवलीच पाहिजे. म्हणून माणसं घरून पांघरूण घेऊनच गाडीत चढतात. मानोंगनी बत्तीस वर्षं तिकिटं फाडली आणि पांघरुणं पाहिली. कुठलं दोन वर्षांत विरलं, कुठल्याचा रंग शेजाऱ्याच्या शर्टाला लागला, कुठलं आजीनं आणलं आणि पुढे नातीनं आणलं, सगळं डोक्यात पक्कं. माणसांचे चेहरे विसरायचे, पण "तुमचं ते निळ्या चौकटीचं कुठं गेलं? फाटलं ना? तरी मी म्हणत होतो, सूत कच्चं आहे," हे बरोबर म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर हाच धंदा झाला. धंदा म्हणजे, पैसे घेत नसत हो. तिठ्यावरची एक गरम एम्पनाडा, म्हणजे तिखट करंजी, आणि जायचं-यायचं ट्रायसिकल-रिक्षाचं भाडं, एवढ्यावर अख्खी सकाळ. बाजारात त्यांची टोपी दिसली की निम्मे दुकानदार एकदम जेवायला जायचे, मग घड्याळात नऊ का वाजलेले असेनात. कारण आता दुकानादुकानांत काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. परदेशातून कारखान्यातला माल येतो, त्यावर आपल्या अबेलची, हातमागाच्या कापडाची, नक्षी छापलेली असते आणि वर चिठ्ठी, 'खास इलोकोस हातमाग'. छापलेली नक्षी! चेहऱ्यावर मिशी रंगवावी तशी.

मानोंगची पारखायची रीत ठरलेली. आधी उलटी बाजू. "सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते, उलटी देवासाठी." मग उजेडात धरायचं. मग अंगठ्याला थुंकी लावून कोपरा चोळायचा, रंग जातोय का बघायचा. मग दोन हातांत धरून एकदा झटकायचं आणि कान देऊन आवाज ऐकायचा. शेवटी डोळे मिटून, देववाणी सांगावी तसा आकडा. "पंचवीस वर्षं." "चाळीस." एकदा मास्तरांच्या लेकीला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला समोर बसवून म्हणाले, "हे? हे तुमच्या लग्नाइतकंसुद्धा टिकायचं नाही." दुकानदारानं पांघरूण उचललं, पोरीनं नवऱ्याकडे पाहिलं. लग्न टिकलंय हो, दोन पोरं आहेत त्यांना.

आता खरी गंमत ऐका. लोकांना चाळीस-चाळीस वर्षांची पांघरुणं निवडून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या खाटेवर काय होतं? चार पिठाच्या पोत्यांची शिवलेली एक गोधडी आणि तिच्यावर बसचा पडदा. हो, बसचा पडदा. जुनी गाडी भंगारात काढली तेव्हा मालकानं दिलेला, तपकिरी, एका बाजूला कड्या अडकवायची भोकं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते असं.

त्यांची बायको मानांग सिद्रा. बाई शांत, पण शांत म्हणजे गरीब नव्हे. लग्नाआधी ती नदीपलीकडच्या विणकरांच्या पाड्यात राहायची, मागावर बसायची. लग्न होऊन इकडे आली तर घर एवढंसं, माग कुठं ठेवणार? ठेवला नाही. मग तिनं बाजारात मांसाच्या लाँगानिसा सॉसेजेस विकल्या, पोरी वाढवल्या, हवाईला पाठवल्या. मागाचं नाव काढलं नाही, आणि काढलं नाही म्हणून मानोंगच्या डोक्यातूनही ते पार गेलं. पुरुषांचं असंच. डोळ्यांसमोर नाही ते जगात नाही.

तिनं घरासाठी एकच वस्तू मागितली होती, आपल्या माणसांच्या हातची, अंगावर घ्यायला चांगली चादर. पहिल्यांदा मागितली तेव्हा मानोंग म्हणाले, "बघतो." बघता बघता पोरी मोठ्या झाल्या. दर हिवाळ्यात ती विचारायची, दर हिवाळ्यात हे तिला लाडानं 'बाकेत', म्हणजे म्हातारे, म्हणत सांगायचे, "अजून मनासारखं मिळालं नाही गं, बाकेत. घरासाठी घ्यायचं तर असंतसं कसं घेऊ?"

"लोकांसाठी मिळतं ते?"

"लोकांचं वेगळं. ते आपल्याला रोज डोळ्यांसमोर दिसत नाही."

गेल्या नोव्हेंबरात धाकटीनं हवाईहून खोका धाडला. त्यात साबण, डबाबंद मांस, चॉकलेटं आणि तळाशी एक लठ्ठ गुबगुबीत ब्लँकेट. त्यावर जबडा फाडलेला वाघ. कुठल्या देशातलं ते देव जाणे, पण वाघाच्या मिशासुद्धा चमकत होत्या. मानोंगनी दोन बोटांत धरून ते असं उचललं की मेलेला उंदीर बरा.

मानांगनं ते त्यांच्या हातातून घेतलं, घडी घालून कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "ऐक, लाकाय, ऐक म्हाताऱ्या. जानेवारीतल्या जत्रेपर्यंत आपल्या खाटेवर आपल्याकडचं पांघरूण आलं तर आलं. नाहीतर जत्रेच्या सकाळी मी हा वाघ पसरीन, दार उघडं टाकीन आणि सगळ्या गावाला कॉफीला बोलवीन."

मी कुंपणाजवळच होते. मानोंगचा चेहरा पाहून मला हातातला तांदूळ खाली ठेवावा लागला. तेर्योंच्या खाटेवर परदेशी वाघ! पुन्हा कोण त्यांना पांघरूण निवडायला नेणार? बाजारातल्या दुकानदारांनी फटाके वाजवले असते.

मग सुरू झाली धावपळ. तीन आठवडे मानोंगनी एक दुकान सोडलं नाही. एकाचं सूत खरखरीत, एकाची किनार तिरकी, एकाला नुसता वास घेऊनच परत दिलं. रोज संध्याकाळी येऊन माझ्या बाकावर बसायचे, व्हिनेगरात बुडवून डुकराच्या कातडीचं कुरकुरीत चिचारोन खायचे आणि उसासे टाकायचे.

"मिनिया, चांगला माल उरला नाही गं जगात."

म्हटलं, "माल आहे हो मानोंग. तुम्हाला भीती वाटते."

"कसली?"

"स्वतःसाठी घ्यायचं म्हटलं की चूक झाली तर रोज अंगावर घेऊन झोपावं लागणार. लोकांची चूक लोकांच्या घरी जाते."

एक चिचारोन जास्त खाल्लं आणि गेले. मला वाईट वाटलं, पण खोटं काय बोलले होते मी?

दुसऱ्या दिवशी सरळ विणकरांच्या पाड्यात गेले आणि मानांग पुरिंगला ऑर्डर दिली. पुरिंग म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात खमकी विणकर. सिद्राची लहानपणची मैत्रीण, दोघी एकाच अंगणात शिकलेल्या. ठरलं असं, निळी-पांढरी बिनाकोलची नक्षी, चौकोनांत चौकोन फिरत जाणारी, बघता बघता डोळे गरगरावेत अशी. आमचे म्हातारे म्हणायचे, भुतं ती बघत बसतात आणि घरात शिरायचं विसरतात. माग अरुंद, म्हणून अर्ध्या रुंदीच्या दोन पट्ट्या विणायच्या आणि मधे शिवून जोडायच्या. जोडावर दोन्हीकडचे अर्धे चौकोन एकमेकांना भेटले पाहिजेत. तिथंच विणकराची खरी परीक्षा, कारण धागा घट्ट बसवायला फणी किती जोरानं मारायची हे प्रत्येकीच्या हाताचं वेगळं असतं.

पहिली पट्टी नाताळच्या आधी झाली. मी पाहिली होती, पाण्यासारखी सरळ. आणि नाताळ झाला तसा पुरिंगचा खांदा धरला. असा धरला की कॉफीचा पेला तोंडाशी नेता येईना. दुसऱ्या पट्टीचा ताणा, ते उभे धागे, मागावर तसाच लटकलेला. पाड्यातल्या बाकीच्या बायका लग्नसराईच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या. आणि जत्रेला उरले सोळा दिवस.

मी आणि मानांग सिद्रा तिला बघायला गेलो. मानांगनं डबाभर दिनेंगदेंग, भाज्यांचं कालवण, नेलं होतं, मी चोळायचं तेल. पुरिंग खाटेवर पडल्या पडल्या रडकुंडीला आलेली.

"सिद्रा, तुझ्या नवऱ्याला सांग, फेब्रुवारीत देते. मी दुसरीच्या हातात देणार नाही. तो माणूस दोन बोटांत ओळखेल आणि पाड्याचं नाव घालवेल."

मानांगनं तेलाचे हात पुसले, मागापाशी गेली, ताण्यावरून हात फिरवला. मग चपला काढल्या आणि बसली.

"सिद्रा! अगं चव्वेचाळीस वर्षं झाली!"

"मला मोजता येतं," मानांग म्हणाली. "पाय ठेवायच्या पट्ट्या अजून तशाच आहेत. बघू, पाय काय म्हणतात."

पाय पहिल्या दिवशी काही चांगलं म्हणाले नाहीत. डावा पाय दाबायच्या जागी उजवा, आडवा धागा नेणारा धोटा दोनदा जमिनीवर. चार बोटं विणली आणि तीन बोटं उसवली. मी म्हटलं, मानांग, राहू दे, फेब्रुवारीत घेऊ. तर माझ्यावरच डाफरली, "तुझ्या दुकानात कोणी नाहीये का? जा ना!"

रोज सकाळी ती जाऊ लागली. मानोंगना सांगितलं, पुरिंगच्या घरी स्वयंपाकाला जाते. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. लग्नसराई ना, ते स्वतः रोज कुणाच्या तरी सुनेसाठी बाजारात. मी मधे मधे जाऊन बघायचे. आठव्या दिवशी अंगणात शिरायच्या आधीच फणीचा आवाज ऐकू आला. ठक-ठक, ठक-ठक, एकसारखा. पुरिंग खाटेवर बसून डोळे पुसत होती आणि वर म्हणत होती, "बघ, माझ्याच खांद्याचं दुखणं कामाला आलं."

मी म्हटलं, "मानांग, आता तरी मानोंगना सांगू या. कौतुक करतील."

"खबरदार," मानांग म्हणाली. "बायकोचं म्हणून केलेलं कौतुक काय करायचंय मला? तो सगळ्या जगाचं बघतो तसं माझं बघू दे. पसंत पडलं तर खाटेवर. नाही पडलं तर वाघ आहेच." हे म्हणताना हसली, पण आत्ताच विणलेली ओळ पुन्हा उसवायला घेतली. तेव्हा मला कळलं, बाईला नुसतं पांघरूण नको होतं.

जत्रेच्या दोन दिवस आधी पट्ट्या जोडून झाल्या. भर दुपारी मानोंगना बोलावलं. नवी टोपी घालून आले. पाड्यातल्या बायका आपापले माग सोडून अंगणात जमल्या. सगळ्यांना ठाऊक, एका माणसाला सोडून. मानांग सिद्रा मागे, पाण्याच्या रांजणापाशी, हात पदरात घ्यावेत तसे ॲप्रनमध्ये गुंडाळून उभी.

मानोंगनी पांघरूण पसरलं. उलटी बाजू. उजेड. थुंकी. झटकलं, आवाज ऐकला. मग गुडघ्यावर बसले आणि जोडावरून बोट फिरवायला लागले. फिरवता फिरवता बोट थांबलं.

"पुरिंग, ह्या दोन पट्ट्या एका हाताच्या नाहीत."

पुरिंग म्हणाली, "खांदा धरला होता हो. ताणा तोच, सूत तेच. हात तेवढा दुसरा."

"तेच म्हणतो. ही पट्टी तुझी. ही..." त्यांनी नाक जवळ नेलं. "ही कुणातरी घाबरलेल्या बाईची आहे. हे बघा, सुरुवातीला फणी किती हलकी मारलीय. सैल आहे. बोट जातंय माझं."

बोट पुढे सरकलं.

"इथं जरा सावरली. इथं हाताला आठवलं वाटतं. बाई नवी नाही, जुनी आहे, पण मधे बरीच वर्षं सोडलेलं दिसतंय. हां, इथून छान. इथं तर पुरिंगच्या तोडीस तोड. आणि हे काय?" त्यांनी टोपी मागे सरकवली. "इथं कोणावर तरी जाम भडकली होती ही! काय फटके मारलेत! चार बोटांचं विणकाम तीन बोटांत बसवलंय. एवढा तुकडा साठ वर्षं जाईल."

मला तो दिवस पक्का आठवत होता. आदल्या रात्री मानोंग म्हणाले होते की स्वयंपाकाच्या नावाखाली रोज गप्पा हाणायला जातेस. मी पुरिंगकडे पाहिलं, पुरिंगनं माझ्याकडे, आणि दोघींनी माना खाली घातल्या.

मानोंग उठले. गुडघे झटकले. डोळे मिटले.

"पुरिंगची पट्टी, पन्नास वर्षं. दुसरी, सुरुवातीला सैल आहे, तिथून झिजणार. जोडावर चौकोनही दोन बोटं सरकलेत. वीस वर्षं. फार तर वीस. मी हे घरासाठी घेऊ शकत नाही. माफ कर."

सगळ्या बायकांची नजर पाण्याच्या रांजणाकडे गेली.

"ती पट्टी माझी आहे," मानांग सिद्रा म्हणाली.

मानोंगनी डोळे उघडले. मागे वळले. बायकोकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं. धोट्यानं चिरलेली, दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दोन आठवडे ही बोटं त्यांना कॉफी देत होती. काय बोलणार होते बिचारे? छान आहे म्हणावं तर आत्ताच एवढ्या बायकांसमोर निकाल दिलेला. वाईट आहे म्हणावं तर घरी जायचंय.

"सैल आहे, बाकेत," शेवटी अगदी हळू म्हणाले. खोटं बोलता आलं नाही त्यांना. "सुरुवातीला सैल आहे."

"आहेच सैल. मी कुठं नाही म्हणते?" मानांग पुढे आली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "घाबरले होते मी. किती वर्षं म्हणालास?"

"वीस."

"फार तर?"

"फार तर."

"आणि तुझं वय काय, लाकाय?"

कंडक्टर माणूस, हिशेबात पक्का, पण एवढी बेरीज करायला त्यांना वेळ लागला.

"एकाहत्तर."

"मग?"

आधी पुरिंग हसली, खांदा धरून हसली. मग सगळं अंगण. एकीनं तर धोट्यानं आपलंच डोकं बडवलं. मानोंग हसले नाहीत. त्यांनी वाकून पांघरूण उचललं, सैल बाजू हातात घेतली आणि पुन्हा एकदा तिच्यावरून अंगठा फिरवला, ह्या वेळी थुंकी न लावता.

"पुरेल," ते म्हणाले. "पुरेल गं. उलट उरेल."

घडी घालायला पुरिंगची सून पुढे झाली, तर तिला हातानंच थांबवलं. ते पांघरूण तिथल्या तिथे खांद्यावर घेतलं, मानांगची पट्टी अंगाकडे, आणि रणरणत्या उन्हात घामानं निथळत ट्रायसिकलकडे चालायला लागले. मानांग मागून ओरडत होती, "अरे म्हाताऱ्या, काढ ते, चक्कर येईल!" त्यांनी काढलं नाही. ट्रायसिकलमध्ये सरकून बसले आणि तिला बसायला जागा केली.